आवाज होणार असेल तर आधी कळवा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापक समिती सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : रोजच्या आवाजांचा त्रास होणाऱ्या रहिवाशांबाबत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणा एका संस्थेविरुद्धची तक्रार नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, जिथे जिथे एका कुटुंबाची फरशी म्हणजे दुसऱ्या कुटुंबाचे छत असते, तिथल्या सगळ्या समित्यांना मी हे लिहीत आहे. आपल्या सभासदांमध्ये काही माणसे अशी असतात की ज्यांना रोजचे साधे आवाज इतरांसारखे सोसत नाहीत. भांडे पडल्याचा, दार आपटल्याचा, ड्रिल मशीनचा, लिफ्टमधल्या सूचनेचा आवाज इतरांच्या कानांवरून निघून जातो. यांच्या मात्र तो अंगातून जातो. मी त्यांच्यापैकी एक आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी आपल्याकडे कधी लेखी तक्रार केलेली नसेल, कारण असल्या गोष्टी कागदावर मांडायलाही संकोच वाटतो. म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे, आणि माझे मुख्य मागणे एकच आहे : इमारतीत मोठा आवाज होणार असेल, तर तो कधी सुरू होईल आणि कधी थांबेल हे आधी कळवा, आणि ठरलेली वेळ पाळा.

आम्हाला इमारत निःशब्द नको आहे, हे आधीच सांगते. घर म्हटले की भांडी वाजणार, मिक्सर फिरणार, तान्ही बाळे रडणार आणि संध्याकाळी मुले खाली आरडाओरडा करीत खेळणार. काही संस्था आवाराच्या भिंतीवर ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा फलक लावतात आणि तो लावताना आजारी व वृद्ध रहिवाशांचे नाव पुढे करतात. माझ्यासारख्यांच्या नावावर मुलांचे खेळ बंद करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलांचा आवाज शाळा सुटल्यावर सुरू होतो, दिवेलागणीनंतर विरतो आणि तो कुठून येतो हे खिडकीतून दिसते. अशा आवाजाशी जुळवून घेता येते.

‘आवाज सहन होत नाही’ या एका वाक्यामागे निरनिराळे आजार आणि अवस्था असतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या सगळ्या चिडचिडेपणासारख्याच दिसतात, म्हणून समितीने त्या थोड्या तरी समजून घ्याव्यात. निरोगी कानाला साधारणपणे १०० डेसिबलच्या आसपासचा आवाज असह्य होऊ लागतो. हायपरअक्युसिस असलेल्या माणसाची ही मर्यादा बरीच खाली उतरलेली असते. स्टीलची ताटे एकावर एक ठेवली तरी त्याच्या कानात टोचते, काहींना तर प्रत्यक्ष ठणका लागतो. आपल्या मधल्या कानात स्टेपिडियस नावाचा एक चिमुकला स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा दाबून धरतो. बेल्स पाल्सी होऊन ज्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, त्यांच्यापैकी काहींचा हा स्नायूही त्याच नसेबरोबर निकामी होतो, आणि मग त्या बाजूच्या कानाला साधे बोलणेही मोठे लागते. अर्धशिशीचे निदान करताना डॉक्टर ‘आवाज नकोसा होतो का’ हे विचारतातच. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांना तर हा विषय समजावून सांगावा लागत नाही. कुकरमध्ये वाफ धरू लागली की शिट्टी होण्याआधीच दोन्ही कान दाबून धरणारे मूल त्यांनी घरात पाहिलेले असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी सोय करणे ही कल्पनाही त्याच कायद्यात आहे.

मिसोफोनिया हा आणखी वेगळा प्रकार. हे नाव मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ साली दिले. यात आवाज मोठा असण्याचा प्रश्नच नसतो. चावण्याचा, नाक ओढण्याचा, पेनचे बटण टकटक करण्याचा बारीकसा आवाज कानी पडताच मनात संताप किंवा शिसारी उसळते, आणि ती आवरता आवरत नाही. न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा माणसांच्या मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा त्रासदायक आवाजांच्या वेळी मेंदूच्या ज्या भागात भावना आणि शरीराच्या संवेदना एकत्र येतात, तिथे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक हालचाल दिसली. हा प्रकार बहुतांशी घरातल्या घरात सोसावा लागतो आणि समिती त्यात फारसे काही करू शकत नाही, म्हणून इथे एवढ्यावरच थांबते.

वृद्धांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण प्रत्येक संस्थेत ते आहेत आणि त्यांच्याविषयीचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. ज्याला कमी ऐकू येते त्याला आवाजाचा त्रास कसा होईल, असे आपण धरून चालतो. माझ्या वडिलांना हळू बोललेले ऐकू यायचे नाही. ‘काय पुटपुटतेस, नीट बोल’ असे ते म्हणायचे. मी थोडा आवाज चढवला की लगेच ‘ओरडू नकोस, मी बहिरा नाही’ म्हणून चिडायचे. त्यांच्या पिढीतल्या अनेक घरांत हा संवाद रोज होतो आणि घरातले लोक त्याला हेकटपणा समजतात. प्रत्यक्षात आतल्या कानातल्या पेशी झिजल्या की बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, पण आवाज ऐकू येऊ लागण्याची पातळी आणि असह्य होण्याची पातळी यांतले अंतर कमी होऊन बसते. ऐकू आला की आवाज भराभर चढतो आणि अंगावर येतो. श्रवणयंत्र लावलेल्या वृद्धांना हा त्रास अधिक जाणवतो, आणि म्हणूनच कित्येक आजी-आजोबा महागडी यंत्रे कपाटात ठेवून देतात. तळमजल्यावर लोखंडी गेट धाडकन आपटले की त्यांना काय होत असेल, याची कल्पना आपण करावी.

यावर नेहमी एक उत्तर मिळते : सवय होईल. हे उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. बहुतेकांना खरोखरच सवय होते. पण सर्वांना होत नाही. नील वाइनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ साली महाविद्यालयीन वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेऊन लिहिले आहे. जे मुळातच आवाजाबाबत संवेदनशील होते, त्यांचा त्रास वर्ष सरताना कमी होण्याऐवजी वाढत गेला. इतरांचा होता तसाच राहिला. ‘आम्हाला नाही होत, तर तुम्हालाच का’ या प्रश्नाचे उत्तर यात आहे, आणि ते उत्तर दोन्ही बाजूंना निर्दोष ठरवणारे आहे.

आता इमारतीतल्या आवाजांकडे वळते. नूतनीकरणाचे काम हा त्यातला सर्वांत कठीण आवाज. आरसीसीच्या इमारतीत खांब, तुळया आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतात. हवेतून येणारा आवाज खिडकी लावून थोडा तरी अडवता येतो. खांबातून चढत येणारा कंप अडवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा ओटा फुटत असला तरी सहाव्या मजल्यावर तो आपल्याच भिंतीपलीकडे फुटतो आहे असे वाटते. मार्बल कटर सुरू झाला की आधी मोकळ्या पात्याची उंच किंकाळी येते, पाते फरशीला टेकले की ती खाली उतरून घरघरते, आणि मग एकदम थांबते. कारागीर तुकडा उचलतो, माप घेतो, पुन्हा खूण करतो. त्या थांबलेल्या वेळात माझे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि जबडा आवळलेला असतो, कारण पुढची किंकाळी अर्ध्या मिनिटात येईल की अर्ध्या तासाने, हे ठाऊक नसते. खरे पाहता दिवसभरात कटर फार थोडा वेळ चालतो. पण तो केव्हा चालेल हे माहीत नसल्याने सबंध दिवस त्याची वाट पाहण्यात जातो, आणि संध्याकाळी मशीन बंद झाल्यावरही शरीर ते मानायला तयार नसते.

हा केवळ माझा अनुभव नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास अमेरिकेत याच विषयावर प्रयोग केले. लोकांना काम करताना मोठा कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो ठराविक अंतराने, तर काहींना कधीही, अचानक. आणखी काहींना एक बटण दिले आणि सांगितले की अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. आवाज संपल्यावर सर्वांना कोडी सोडवायला आणि मुद्रितशोधनाला बसवले, तेव्हा अनपेक्षित आवाज ऐकलेले लोक लवकर हार मानत होते आणि अधिक चुका करीत होते. ज्यांना आवाज केव्हा येणार हे कळत होते, किंवा ज्यांच्या हाताशी तो थांबवण्याचे बटण होते, त्यांच्यावर मागाहूनचा परिणाम बराच कमी झाला. आवाज तेवढाच मोठा होता. समित्यांनी या पत्रातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी, कारण आवाज कमी करणे आपल्या हातात दर वेळी नसते, पण तो कधी होणार हे सांगणे नेहमीच असते.

आपण म्हणाल, यासाठी कायदा आहे, पोलीस आहेत. आहेत, आणि त्यासाठी झगडलेल्यांबद्दल मला कृतज्ञता आहे. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यास आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यास मनाई झाली. शेजारी पुनर्विकास चालू असलेल्या प्रत्येक संस्थेने हा नियम जवळ ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्वतःच्या घरात शांतपणे राहण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ध्वनी प्रदूषणाबाबत दिलेला निकालही आहे. पण हे सारे उत्सव, ध्वनिक्षेपक, रस्ते आणि बांधकामे यांच्याभोवती फिरते. दुपारी तीन वाजता वरच्या घरात चालणाऱ्या ड्रिलसाठी पोलिसांना बोलावणे व्यवहार्य नाही आणि शेजारधर्मालाही ते धरून नाही. तिथे एकच यंत्रणा पुरी पडते, आणि ती म्हणजे आपली समिती. सदनिकेत फेरफार करायचे तर आपली परवानगी लागते. इतर सभासदांना उपद्रव होईल असे वागू नये, हे उपविधींतही आहे.

परवानगीच्या अर्जात आज काय काय विचारले जाते ते आठवून पाहा. राडारोडा कुठे टाकणार, गोण्या कोणत्या लिफ्टने नेणार, कारागिरांची ओळखपत्रे, अनामत रक्कम. आवाजाविषयी फार तर कामाची वेळ लिहिलेली असते. त्या अर्जात एक रकाना वाढवावा : तोडफोड, कटर आणि हातोडा-ड्रिल यांची कामे कोणत्या तारखांना, किती ते किती. ठेकेदाराला हे आधी सांगता येत नाही, असे म्हटले जाते; ते खरे नाही. कोणत्या दिवशी टाइल्स फोडायच्या आणि कोणत्या दिवशी प्लंबर भिंतीत खाचा घेणार, हे त्याला ठाऊक असते, कारण त्याप्रमाणेच तो माणसे बोलावतो. ही सर्व मोठ्या आवाजाची कामे दोन महिन्यांत विखरून ठेवण्याऐवजी सलग काही दिवसांत उरकून घेण्याची अट घालावी. आदल्या संध्याकाळपर्यंत फलकावर आणि संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना यावी. दुपारी एक ते चार मशीन बंद राहावे. आणि काम पुढे ढकलले गेले तर तेही कळवावे, कारण न येणाऱ्या आवाजाची वाट पाहत घालवलेला दिवसही वायाच जातो. वेळ मोडली तर अनामतीतून रक्कम कापण्याचा ठराव असेल, तरच वॉचमनच्या सांगण्याला वजन येईल. नाहीतर त्या बिचाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

अशा सूचनेने कोणाकोणाची सोय होते पाहा. मी त्या दिवशी लॅपटॉप घेऊन वाचनालयात जाऊ शकते. स्वमग्न मुलाची आई त्याला आजीकडे नेऊ शकते. रात्रपाळी करून आलेली परिचारिका झोपेची दुसरी व्यवस्था लावू शकते, दहावीचा मुलगा मित्राकडे अभ्यासाला जाऊ शकतो, तान्ह्या बाळाची आई त्याची झोपेची वेळ मागेपुढे करू शकते. आम्ही आवाजाच्या वाटेतून बाजूला व्हायला तयार आहोत. तो कधी येतो आहे, एवढे फक्त कळू द्या.

बाकीच्या गोष्टी लहान आणि स्वस्त आहेत. लिफ्टचे दार उघडे राहिले की ‘कृपया दरवाजा बंद करा’ ही सूचना पूर्ण आवाजात घुमते आणि कोणाच्या तरी निष्काळजीपणाने दहा-दहा मिनिटे घुमत राहते. देखभालीला येणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितले तर तिचा आवाज बहुतेक वेळा कमी करता येतो. जिन्याच्या आणि गच्चीच्या दारांना डोअर क्लोजर, लोखंडी गेटला रबराचा तुकडा, पाण्याच्या पंपाखाली कंप शोषणारी जाड रबरी पट्टी. खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूट किंवा नमद्याच्या चकत्या लावा, असे वर्षातून एकदा सर्व घरांना आवर्जून सांगावे. वरच्या घरातली खुर्ची सरकवणाऱ्याला ती फक्त सरकल्यासारखी वाटते; खाली ती छतावरून फरफटत गेलेली ऐकू येते. गाडी मागे घेताना गाणे वाजवणारे हॉर्न आवारात बंद करावेत. गणपतीत आणि पंधरा ऑगस्टला स्पीकरची तोंडे घरांच्या खिडक्यांकडे न ठेवता मोकळ्या जागेकडे ठेवली आणि माइकची चाचणी कितीला होणार ते सांगितले, तरी खूप होईल. आरती बंद करा असे मी कधीही म्हणणार नाही.

‘कानात बोळे घालून बसा’ हा सल्लाही वारंवार मिळतो, म्हणून त्याविषयी लिहिणे भाग आहे. ड्रिल चालू असताना बोळे घालणे योग्यच आहे. पण दिवसभर ते घालून बसल्याने त्रास वाढतो. बाहेरून येणारा आवाज सतत कमी केला तर श्रवणयंत्रणा आपली संवेदनशीलता आणखी वाढवते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सामान्य श्रवणाच्या लोकांनी दोन आठवडे बोळे वापरले, तेव्हा त्यांना पूर्वीचेच आवाज अधिक मोठे वाटू लागले, आणि ज्यांनी त्याच काळात कानाशी मंद सौम्य आवाज ठेवला त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणूनच श्रवणतज्ज्ञ आम्हाला पंखा, पावसाचा आवाज, मंद संगीत अशा सौम्य आवाजांत राहायला सांगतात आणि हळूहळू सहनशक्ती वाढवायला लावतात. महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची किंवा इंजिनाची एकसारखी घरघर चांगली दाबतात, पण अचानक झालेल्या दणक्यापुढे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आमच्या वाट्याचे प्रयत्न आम्ही करीत असतो. ज्यांना असा त्रास आहे आणि ज्यांनी तो अजून कोणाला दाखवलेला नाही, त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओलॉजिस्टकडे जरूर जावे. कोणत्या पातळीला आवाज असह्य होतो हे मोजता येते, आणि ते मोजून घेतले की घरच्यांशी बोलणे सोपे होते.

शेवटची विनंती तक्रारींविषयी आहे. एखाद्याने आवाजाबद्दल सचिवांना खासगीत सांगितले, तर त्याचे नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहीर होऊ नये. एकदा का ‘अमुक फ्लॅटमधल्या बाईंना आवाज चालत नाही’ असे झाले की थट्टा सुरू होते, जिन्यात नमस्कार तुटतो, आणि मग तो माणूस पुन्हा कधी काही बोलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांच्या तक्रारींबाबत पोलिसांनाही तक्रारदाराची ओळख उघड होऊ न देण्याची काळजी घ्यायला सांगितले, ते याच भीतीपोटी. शेजाऱ्यांमध्ये तर ती काळजी अधिकच हवी. सूचना समितीच्या नावाने, सर्वांना उद्देशून आणि नियम म्हणून निघाली, तर कोणाला कोणाचा राग धरावा लागत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा आपण ३० सप्टेंबरपूर्वी घेताच. तिच्या विषयपत्रिकेत ‘सदनिकांतील नूतनीकरणाच्या कामांची पूर्वसूचना व वेळापत्रक’ हा विषय घ्यावा आणि परवानगीच्या अर्जात वर सुचवलेला रकाना घालण्याचा ठराव मांडावा. कोणत्याही संस्थेला ठरावाचा किंवा सूचनाफलकाचा मसुदा हवा असेल तर तो मी आनंदाने लिहून देईन.

आपली नम्र,
पुण्यातील एका संस्थेची सभासद